सोळा तासांच्या आत

मुंबईहून न्यूयॉर्क किती लांब आहे, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये आणि एकदा दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडे असताना विचारला गेला आहे. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो. माझ्याकडे किमान चार असतात आणि चारही खरे असतात. मी उत्तर निवडत क्षणभर गप्प राहते, आणि समोरच्याला वाटते की हिला स्वतःचेच काम येत नाही.

दिवाळी अंकात कामाचे अनुभव सहसा निवृत्त मंडळी लिहितात. मी एकतिसाव्या वर्षी लिहिते आहे, कारण ज्या एका उड्डाणाबद्दल सांगायचे आहे, त्याबद्दलचा माझा गोंधळ निवृत्तीपर्यंत मिटेल असे मला वाटत नाही.

माझे काम उड्डाण नियोजनाचे. आम्हाला डिस्पॅचर म्हणतात. विमान चालवणारा वैमानिक सर्वांना माहीत असतो. पण ते कोणत्या वाटेने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जाईल, हे जमिनीवर बसून आखणारी व्यक्ती फारशी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. आमचे कार्यालय अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. काचा गडद आहेत. विमाने ऐकू येतात, दिसत नाहीत. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी प्राध्यापकी न करता इथे आले, तेव्हा मुलुंडच्या आमच्या घरी आठवडाभर कुणी माझ्याशी नीट बोलले नव्हते. आज प्रत्येक आराखड्यावर दोन सह्या असतात, एक विमानाच्या कमांडरची आणि एक माझी. दुसऱ्या सहीचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

आता ते चार आकडे. पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे चढत थेट ध्रुवप्रदेशाच्या उंबरठ्यापर्यंत जातो आणि मग खाली उतरतो. त्याची लांबी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. हा पहिला आकडा. पण त्या दोऱ्याखाली अनेक देश येतात, आणि आज यांचे आकाश बंद, उद्या त्यांचे, असे सतत चालू असते. त्यामुळे खरी वाट लांबते, हा दुसरा. तिसरा वाऱ्याचा. पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो, म्हणजे जमिनीवरची वाट तेवढीच असली तरी विमानाला हवेतून अधिक अंतर कापावे लागते. आणि चौथा आकडा वेळापत्रकातला. तो चाकांचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीवरची रांगही धरलेली असते, आणि उशीर झाल्याचे दिसू नये म्हणून थोडी ढील सोडलेली असते.

शिवाय संकेतस्थळे आहेत. दोन विमानतळांची नावे टाकली की ती पहिल्या आकड्याला एका ठरावीक वेगाने भागतात, वर अर्धा तास घालतात आणि मिनिटापर्यंतचे उत्तर देतात. त्या उत्तरात वारा नसतो, बंद आकाश नसते, आणि शंका तर अजिबात नसते.

बोरिवलीच्या माझ्या आत्याला यातले काहीच नको असते. तिचा मुलगा सुमित दर सहा महिन्यांनी जर्मनीला जातो. घरातले माणूस प्रवासाला निघाले की ते पोचेपर्यंत आत्या केर काढत नाही. मुलगा नाशिकला जात होता तोवर हे चालून जायचे. आता ती मला कामावर फोन करते आणि विचारते, "टेकली का गं चाकं? हॉलभर शेव सांडलीय." मी तिला विमान नक्की कुठे आहे ते सांगू लागले, की ती म्हणते, भूगोल नको, हो की नाही ते सांग. माझ्या सर्व ग्राहकांत तीच सर्वांत स्पष्ट आहे, असे मला पुढे वाटू लागले.

तर ते उड्डाण. दुपारी पावणेदोनचे, न्यूयॉर्कला थेट जाणारे. माझ्या टेबलाचे काम. सकाळी मी आराखडा पूर्ण केला होता: जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत पंधरा तास अडतीस मिनिटे. अकराच्या सुमारास विमानतळाच्या काउंटरवरून रेश्माचा फोन आला. रेश्मा आणि मी एकाच वर्षी कंपनीत लागलो. ती प्रवाशांना पाहते आणि मी आकड्यांना, असे ती चारचौघांत सांगत असते. तिच्यासमोर एक बाई होत्या, प्राणवायूचे छोटे यंत्र घेऊन. खांद्याला अडकवायचे, हवेतून प्राणवायू गोळा करून नाकाशी देणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र. आमच्या कंपनीचा नियम असा आहे की प्रवाशाकडे त्या दिवसाच्या उड्डाणकाळाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या बॅटऱ्या हव्यात. आसनाजवळचा विजेचा प्लग धरायचा नाही, कारण तो चालेलच याची हमी नाही. म्हणून अशा प्रवाशाच्या वेळी काउंटर आम्हाला त्या दिवसाचा आकडा विचारतो.

मी पंधरा अडतीस सांगितले. त्याची दीडपट तेवीस तास सत्तावीस मिनिटे. बाईंकडे चार-चार तासांच्या सहा बॅटऱ्या होत्या, म्हणजे चोवीस तास. रेश्मा म्हणाली, झकास, बसतंय. आणि तिने बोर्डिंग पास दिला.

सहाच का, असे रेश्माने त्यांच्या मुलाला, मेल्विनला विचारले होते. त्याने फोनवर एका संकेतस्थळाचे पान दाखवले. चौदा तास वीस मिनिटे. दीडपट साडेएकवीस. त्याने अडीच तास जास्तीचे धरले होते आणि आपण फार काळजी घेतली, असे त्याला वाटत होते. त्याच्या जागी मीही, हे काम करत नसते तर, तेच पान उघडले असते.

बाईंचे नाव एग्नेस. सगळे त्यांना एग्नेस आंटी म्हणत. आमच्या कार्यालयापासून चालत दहा मिनिटांवरच्या मरोळ गावठाणात त्यांचा जन्म गेला होता. दर उन्हाळ्यात अंगणात लाकडाच्या चुलीवर मिरच्या, धणे, तीळ भाजून त्या बाटलीचा मसाला करत आणि अर्ध्या गावठाणाला पुरवत. त्या धुराने फुप्फुसे गेली, असे डॉक्टरांचे म्हणणे. न्यूजर्सीत त्यांच्या लेकीचे, शेरिलचे, पहिले बाळंतपण होते. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली होती, परवाची, आणि हातातले तिकीट गेले तर दुसरे पुढच्या महिन्यातच मिळणार होते. जावई जहाजावर नोकरीला, समुद्रात. एग्नेस आंटी गेल्या नाहीत तर शेरिलजवळ आपले म्हणावे असे कुणीच नव्हते. हे सगळे रेश्माला चार मिनिटांत कळले होते, आणि फोन ठेवायच्या आत तिने ते मलाही सांगितले. सांगितले नसते तर बरे झाले असते का, याचाही मी विचार केला आहे.

अकरा वाजून वीस मिनिटांनी सूचना आली की आमच्या वाटेवरच्या एका देशाने लष्करी सरावासाठी आकाशाचा मोठा पट्टा दिवसभरासाठी बंद केला आहे. अशा सूचना येतात. त्यासाठीच आम्ही तिथे बसतो. मी वाट वळवली, जवळजवळ चारशे किलोमीटर वाढले, इंधन वाढवले. नवा आराखडा आला: सोळा तास सहा मिनिटे.

मी दीडपट करून पाहिली, जरी ते माझे काम नव्हते. चोवीस तास नऊ मिनिटे.

भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवतात की कोणत्याही मोजमापाबरोबर त्याची अनिश्चितता लिहायची. सोळा तासांच्या उड्डाणाच्या अंदाजात पंधरा-वीस मिनिटांचा फरक सहज पडतो. म्हणजे माझ्या पडद्यावरचे सोळा-सहा हे खरे तर पावणेसोळा ते सव्वासोळाच्या मधले काहीतरी होते. त्या धूसर पट्ट्यात नऊ मिनिटांना काहीच अर्थ नव्हता. पण नियमाला पट्टा चालत नाही, त्याला एक आकडा लागतो. आणि तो आकडा देणारी मी होते.

अजून एक मार्ग होता. विमान किंचित वेगाने उडवायचे. मी गणित करून पाहिले. वेग थोडा चढवला की पंधरा तास अठ्ठावन्न मिनिटे येत होती. सोळाच्या आत, म्हणजे दीडपट चोवीसच्या आत. त्यासाठी दोन टन इंधन जास्त लागले असते आणि तेवढा माल उतरवावा लागला असता. बेकायदेशीर यात काही नव्हते. फक्त कारण लिहावे लागले असते, आणि ते वाचणाऱ्याने भुवया उंचावल्या असत्या.

मी दोन्ही आराखडे सावंत सरांपुढे ठेवले. सावंत सर आमच्या पाळीचे प्रमुख, मूळ मालवणचे, निवृत्तीला सहा महिने उरलेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दोन्ही वाचले. वेग वाढवला तर आठ मिनिटे कागदावर मिळतील, वरती मिळतीलच असे सांगू शकतेस का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, नाही. मग वेग न वाढवता ती कमी होणारच नाहीत, असे सांगू शकतेस का? मी म्हटले, तेही नाही.

"मगे माका कित्याक विचारतंस? सही तुझी. तूच ठरव गो," ते म्हणाले आणि चष्मा खाली घेऊन स्वतःच्या कामाला लागले.

मी सोळा-सहावर सही केली.

का केली, हे मी इतक्या वेळा तपासले आहे की आता मूळ कारण कोणते आणि नंतर सुचलेले कोणते हे मला वेगळे काढता येत नाही. एक कारण असे, की एका प्रवाशासाठी गणित हवे तसे वाकवणे ही चांगली सवय नव्हे. दुसरे असे, की पुढच्या महिन्यात सावंत सरांच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, आणि माझ्या नावावर विचित्र वेगाचा आराखडा मला नको होता. त्या क्षणी मला पहिलेच कारण दिसत होते. पण दुसरे खोलीत नव्हते, असे मी म्हणणार नाही.

मी रेश्माला फोन करून नवा आकडा दिला. तिने दीडपट तिथेच करून पाहिली.

"नऊ मिनिटांसाठी? अगं, पास हातात आहे तिच्या. बॅग आत गेलीय. मला काय वाटतं माहितेय? तू फोन केलाच नाहीस असं धरू या."

मी केला आहे, असे म्हटले.

"तूच सांग मग तिला," रेश्मा म्हणाली. "मी नाही सांगणार यार."

फोन एग्नेस आंटींच्या हातात गेला. मागे यंत्राचा आवाज येत होता, दर श्वासाला एक फुस्स. मी सगळे नीट, क्रमाने समजावले: वाट बदलली, वेळ सोळा तासांच्या वर गेली, बॅटऱ्या नऊ मिनिटांनी कमी पडतात.

"बाय," त्या शेवटी म्हणाल्या, "माळ करताना मी मशीन बंदच ठेवते. आवाज करते ना ती, देवाला काय ऐकू येनार? पाऊन तास मना काय नाय होत. ते तुजे नऊ मिनिट त्याच्यात घाल."

तर्कात खोट नव्हती. मी म्हटले, आंटी, तो वेळ नियमात धरता येत नाही.

"नियम जाऊ दे. तू शिकलेली हायस. तू सांग, मी जाऊ का?"

असा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. किती लांब, किती तास, हे विचारतात. जाऊ का, हे विचारत नाहीत. त्यांनी जावे असेच मला वाटत होते. सहा बॅटऱ्या सोळा तासांना पुरून आठ तास उरल्या असत्या. दीडपट ही अडचणीच्या वेळेसाठीची शिल्लक होती, आणि तिच्यातली नऊ मिनिटे जाणार होती, एवढेच. मला हे सगळे माहीत होते. मी म्हणाले, "ते मी नाही ठरवत, आंटी."

यंत्राचे तीन-चार फुस्स झाले आणि फोन पुन्हा रेश्माकडे गेला.

मेल्विन मात्र थांबला नव्हता. बॅटऱ्या त्याने घाटकोपरच्या एका दुकानातून भाड्याने आणल्या होत्या. आमचे बोलणे चालू असतानाच तो आणखी दोन आणायला निघाला. काउंटर पाऊणला बंद होणार होता. त्यानंतर वैद्यकीय परवानगीच्या कागदावर बदल करता येत नाही. घाटकोपर विमानतळापासून आठ-नऊ किलोमीटर असेल. अमेरिकेच्या वाटेवर विमान तेवढे अंतर अर्ध्या मिनिटात कापते. मी माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात रस्त्यांचा नकाशा उघडून ठेवला. असल्फ्यापासून साकीनाक्यापर्यंतची रेघ लाल होती. दर पाच मिनिटांनी रेश्मा मला एकच शब्द पाठवत होती: कुठे? आणि मला ते ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

मेल्विन बाराला दुकानात होता. दोन्ही बॅटऱ्या त्याला मिळाल्या. काउंटरसमोर तो पोचला तेव्हा बारा वाजून छप्पन्न मिनिटे झाली होती. एग्नेस आंटींची बॅग विमानातून उतरवून त्यांच्या पायाशी आणून ठेवलेली होती. त्या बॅगेवर बसल्या होत्या, असे रेश्माने नंतर सांगितले. उभे राहवत नव्हते म्हणून.

विमान वेळेवर सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कामावर आले, तेव्हा उतरल्याचा संदेश येऊन पडला होता. सराव लवकर संपला होता, बंद पट्टा उघडला होता आणि नियंत्रकांनी विमानाला सरळ वाट दिली होती. जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंत: पंधरा तास बावन्न मिनिटे.

मी ते तीनदा वाचले. मग दीडपट केली, तेवीस अठ्ठेचाळीस, जणू त्याचा आता कुणाला उपयोग होता. माझा आराखडा चुकीचा होता का? नाही, ज्या वेळी जे माहीत होते त्यावर तो बरोबर होता. पुढे मुलाखतीत त्याच दिवसाच्या आराखड्याचा चांगले उदाहरण म्हणून उल्लेख झाला, आणि ते पद मला मिळाले. तरी त्या सकाळी मी इंधनाचे आकडे तपासत बसले होते आणि कोणत्या ओळीवर आहे ते मला पुन्हा पुन्हा विसरायला होत होते.

पुढच्या रविवारी मी मरोळ गावठाणात गेले. रेश्माने पत्ता दिला; ती आली नाही. मी का गेले, हे आत्याने विचारले असते तर हो की नाही असे उत्तर देता आले नसते. एग्नेस आंटी प्रार्थनेहून नुकत्याच आल्या होत्या. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला निरखून पाहिले आणि म्हणाल्या, आवाजावरून मोठी वाटली होतीस. मग फुगियास, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोळे, तळायला सुनेला सांगितले. शेरिलला मुलगी झाली होती. शेजारच्या एक तेलुगू बाई रात्रभर तिच्याजवळ थांबल्या होत्या. त्यांचे नाव आंटींना उच्चारता येत नव्हते, पण त्या बाईंसाठी त्यांनी मसाल्याची एक बाटली वेगळी काढून ठेवली होती. पुढच्या महिन्याचे तिकीट झाले होते. मेल्विन समोर बसला होता, हातात फोन. आठ बॅटऱ्या घेतल्या आहेत, एवढेच तो म्हणाला.

आंटींनी नातीचा फोटो दाखवला. बाळाच्या शेजारी शेरिलचा हात होता, मनगटावर रुग्णालयाची पट्टी असलेला. फोटो शेरिलनेच काढला होता, दुसऱ्या हाताने, कारण काढायला कुणी नव्हते.

मग त्यांनी विचारले, अगदी सहज, ताटलीत फुगियास वाढता वाढता.

"त्या दिवशीचा विमान किती तासांत पोचला, बाय? सोला तासांच्या आत का बाहेर?"

मला पंधरा बावन्न माहीत होते. कंपनीत येऊन सात वर्षे झाली होती, आणि माझ्या तोंडून किंवा माझ्या सहीने एकही आकडा असा गेला नव्हता, ज्याचा आधार मला दाखवता आला नसता.

"बाहेर," मी म्हटले. "सोळा तास दहा मिनिटं."

मेल्विनने फोनवरून मान वर केली. कोणते विमान किती वाजता उतरले, हे हल्ली कुणालाही पाहता येते. त्याने पाहिले होते की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून मला कळले नाही, आणि तो पुन्हा फोनमध्ये पाहू लागला. त्याच्या हाती हा अंक पडला, तर निदान आता त्याला माझ्याकडून कळेल.

तो खोटा आकडा मी त्यांच्यासाठी सांगितला की माझ्यासाठी, हे मला त्या खोलीत समजले नाही. आजही समजत नाही.

"मग बरा केलास तू," एग्नेस आंटी म्हणाल्या. त्यांचा चेहरा सैल झाला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच झाला असावा, असे मला वाटले. पण मी त्यांना आधी कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक गरम फुगिया ठेवला, आणि मी तो खाल्ला.